भेगाई

“रोज एकदा बघत जावा, मावशी. हात मातर कुनी लावायचा न्हाई. आन् काय वावगं दिसलं तर मला सांगावा धाडा.”

भिमाजी गवंड्याचे हे शब्द राहीबाईंच्या कानांत वर्ष होत आलं तरी ताजे होते. शाळेचं दार ढकलताना रोज आठवायचे. आजही आठवले. त्यांनी शेणाची पाटी उंबऱ्याशी ठेवली, हात धुतले, पदर डोक्यावरून घेतला आणि पूर्वेच्या भिंतीसमोर उभं राहून हात जोडले.

भिंतीवर छातीएवढ्या उंचीला देवी होती. हातभर लांब, आडवी, शेंदराची पुटं चढून चढून बोटभर जाड झालेली. तिला गावचे जमीनदार आप्पासाहेब यांनी दिलेले चांदीचे डोळे होते. भेगाई म्हणत तिला सगळे.

राहीबाईंनी मिटलेले डोळे उघडले आणि जोडलेले हात तसेच राहिले. दोन चांदीच्या डोळ्यांच्या मधोमध शेंदूर वरपासून खालपर्यंत चिरला होता. तांदळाचा दाणा आत सहज बसावा एवढी चीर. खाली कालच सारवलेल्या जमिनीवर शेंदराचा पापुद्रा पडला होता आणि त्याच्या शेजारी मूठभर माती. माती वरून, तुळईच्या टोकापासून गळली होती.

“बया,” त्या पुटपुटल्या, “काय चुकलं गं माझं?”

चुकू नये म्हणूनच त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. तुळशीला पाणी, गाईला घास, मगच तोंडात पाणी. शनिवार कधी मोडला नाही. मालक गेल्यावर आसारामला वाढवताना शाळा झाडण्या-सारवण्याचं काम त्यांनी धरलं, तेही त्यांनी नेमासारखंच केलं. 

तेव्हा बोरझरीची शाळा मारुतीच्या देवळात भरत असे. गावात वऱ्हाड उतरलं की शाळेला सुट्टी. पोरी तर येतच नसत. ख्रिस्ती वस्तीतली मुलं देवळाबाहेर दीपमाळेपाशी उन्हात बसत आणि मास्तर आतून ओरडतील तेवढं पाटीवर उतरवून घेत. मग आप्पासाहेबांनी गावाबाहेरच्या आपल्या रानातला तुकडा शाळेसाठी दिला. जर्मनच्या लढाईपायी पत्रे मिळत नव्हते, म्हणून वर मातीचं जड धाबं घातलं, पण खोली झाली. खिडक्या झाल्या, भिंतीवर हिंदुस्थानचा नकाशा आला. पोरी येऊ लागल्या. वस्तीतली मुलं पहिल्यांदा छपराखाली बसली. राहीबाईंची नात पुष्पावती दुसरीत गेली आणि आजीला बाजाराच्या पिशवीवरची अक्षरं वाचून दाखवू लागली.

शाळा उभी राहिली तशी भोवतालच्या रानाला लोक गुंठ्यावारीनं मागणी घालू लागले. पोरं शाळेच्या दारात राहावीत असं प्रत्येकाला वाटे. पिढ्यान् पिढ्या जिथं कुणी घर बांधलं नव्हतं त्या काळ्या मातीत घरांची ओळ उठली. तिला पेठ म्हणू लागले. आसारामनंही ओढ्याकाठची गाळाची मळई आप्पासाहेबांना देऊन बदल्यात जागा घेतली, जुन्या घराच्या तुळया बैलगाडीनं आणल्या आणि शाळेजवळच घर बांधलं.

पहिल्याच उन्हाळ्यात शाळेची पूर्वेची भिंत उभी तडकली. भिमाजीनं त्या भेगेवर आडवी चुन्याची पट्टी मारली, राहीबाईंना चार शब्द सांगितले आणि एका मोठ्या बांधकामावर श्रीगोंद्याला निघून गेला.

रोज बघत जा. हात लावू नका. असं माणूस कशाबद्दल बोलतं? गवंडी म्हणजे वास्तूचा माणूस. त्यानं भिंतीला काही स्थापन केलं असणार, असंच राहीबाईंना वाटलं. विचारायचा प्रश्नच नव्हता. असल्या गोष्टी विचारायच्या नसतात. त्या रोज बघत राहिल्या. श्रावणातल्या एका शुक्रवारी रिकाम्या हातानं समोर उभं राहणं जिवावर आलं, म्हणून त्यांनी चिमूटभर हळदकुंकू नेलं आणि हात लागू नये म्हणून ते लांबूनच पट्टीवर उडवलं.

त्याच दिवसांत पावसानं ओल धरली आणि भेग मिटली. मग काय! शेजारच्या लंकाबाईनं नाव ठेवलं, कुणी शेंदूर आणला, कुणी नारळ. देवीनं भिंत धरली असं गावोगाव झालं. पेठेतल्या उरलेल्या जागांना कर्जतची गिऱ्हाइकं येऊ लागली. आपलं पोर देवीच्या पायाशी बसावं म्हणून आयाबाया मास्तरांशी भांडू लागल्या, आणि पहिला मान अर्थातच राहीबाईंच्या पुष्पीला मिळाला.

“मावशी! वळखलं का?”

दारात भिमाजी उभा होता. हातात चुन्याचं घमेलं, खांद्यावर कुंचा. उद्या दिपोटीसाहेब शाळा तपासायला येणार, म्हणून आप्पासाहेबांनी त्याला सफेदीसाठी बोलावून घेतलं होतं.

“बरं झालं बाबा आलास,” राहीबाई म्हणाल्या. “तुझी देवी चिरली रे.”

“कंची देवी?”

त्यांनी बोट केलं. भिमाजी हसत पुढं आला, आणि येता येता त्याचं हसू गेलं. त्यानं घमेलं खाली ठेवलं. भेगेत नख घातलं, कान भिंतीला लावला, वर तुळईकडं पाहिलं. तुळईचं टोक भिंतीतून चार बोटं बाहेर सरकलं होतं.

“मावशी, ही भेगाई भेगाई म्हनत्यात ती ही व्हय? श्रीगोंद्याच्या बाजारात ऐकलं म्या. मला वाटलं, कुटल्या तरी डोंगरावरची आसंल.”

“तूच तर बशीवलीस.”

“म्या साक्ष बशीवली, मावशी! भिंत हालतीया का थांबली ते कळाया चुन्याची पट्टी मारत्यात. भिंत हालली की पट्टी फुटती. फुटली की मानसं भाईर काढायची. तिचं कामच फुटायचं हुतं.” त्यानं कपाळावरचा घाम पुसला. “तुमी तिला शेंदूर फासून तिचं त्वांड बंद क्येलं.”

राहीबाईंनी खाली पडलेला पापुद्रा उचलून पदरात घेतला.

“मग पावसाळ्यात भेग मिटली ती?”

“काळी माती पान्यानं फुगती, मावशी. उन्हात आकसती. पाया जिमिनीसंगं खाली-वर हुतोय. औंदाचं ऊन अजून जायाचंय.”

“खोल खनायचा हुतास ना पाया.”

“खना म्हननारानं थांब म्हनलं, म्या थांबलो,” भिमाजी खालच्या आवाजात म्हणाला आणि दाराकडं पाहून घाईनं घमेल्याकडं वळला.

आप्पासाहेब काठी टेकत आत आले. गोरेपान, सदा हसतमुख माणूस. पोरांना शाळेच्या पटांगणात चिक्की वाटायचे. त्यांनी चीर पाहिली, क्षणभरच थबकले.

“कवच सोडलं देवीनं,” ते म्हणाले. “जुनं कवच गळतंय म्हंजी देवी जागी हाय. शुभ झालं. राहीवहिनी, आज नवा शेंदूर चढवा, आन् हा खण.” त्यांनी हिरवा खण पुढं केला. “वरपासून खालपर्यंत सोडा, चांगला घोळदार. दुसरी खोली मंजूर झाली की पेठेत पाय ठेवायला जागा ऱ्हायची न्हाई बघा. आजच कुनी खुंटीभर जागा मागितली तर देत न्हाई मी.”

राहीबाईंनी खण घेतला नाही. “आप्पासाहेब, भिमाजी म्हनतोय, भिंत हालतीया.”

आप्पासाहेबांनी मान वळवली. “व्हय रे?”

भिमाजी घमेल्यात कुंचा ढवळत होता. “म्या कुटं काय म्हनलो,” तो म्हणाला. “म्या चुन्याचं बोलत हुतो.”

आप्पासाहेबांनी खण स्वतःच राहीबाईंच्या शेणाच्या पाटीशेजारी ठेवला.

“वहिनी, पैलं कुंकू तुमचं,” ते अगदी मायेनं म्हणाले. “तुमीच आता काय भलतं बोललात, आन् उद्या पेठेत एखादं पोर तापानं फणफणलं, तर बाया नाव कुनाचं घेतील? तुमाला तरास हुयाला नको, म्हनून बोलतो हो. दुसरं काय न्हाई.”

ते गेल्यावर भिमाजी पाठमोराच बोलला. “मला अजून तीन घरं बांधायचीत हितं, मावशी. माफी करा.”

दुपारी आसाराम जेवायला आला. राहीबाईंनी भाकरी वाढली आणि सगळं सांगितलं. त्यानं घास थांबवला नाही. 

“आपल्या बी घराला हाय,” तो म्हणाला.

“काय हाय?”

“भेग. दान्याच्या कनगीमागं. म्या दोनदा लिपली, पुन्ना पडली.”

“तुला ठावं हुतं?”

“समद्यांला ठावं हाय, आई. पेठेत परत्येक घरात कनगीमागं नाय तर फडताळामागं एक हाय. लंकाबाईनं तर वर देवाची तसबीर टांगलीया. कुनी इचारत न्हाई, कुनी सांगत न्हाई. सांगून काय करायचं? मळई ग्येली, जुनं घर मोडलं. आता ही जागा हाय तवर मोल हाय. कर्जतचा कापडवाला अर्धी जागा घ्यायला तयार झालाय, तेवढा सौदा हुऊ दे. मळई पुन्ना इकत घिऊ आन् जाऊ की परत गावात. दोन म्हैने गप ऱ्हा.”

“आन् पुष्पी?”

“पुष्पीला काय हुतंय? ती तर देवीच्या पायाशी…”

बोलता बोलता आसाराम थांबला. त्यानं वर पाहिलं नाही. ताटातली भाकरी तशीच टाकून हात धुवायला उठला. राहीबाईंनी ते ताट झाकून ठेवलं; त्यांच्या हयातीत या घरात अन्न असं कुणी टाकलं नव्हतं.

शाळा सुटल्यावर त्या पुन्हा तिकडं गेल्या. खालच्या वर्गांच्या शिक्षिका मरियमबाई एकट्याच होत्या. नगरच्या मिशनमध्ये शिकलेल्या, पांढरं लुगडं, कपाळ कोरं. उद्यासाठी मुलांची चित्रं भिंतीला लावत होत्या. पूर्वेच्या भिंतीला एकही चित्र नव्हतं. तिथं बसणाऱ्या मुलांच्या पाट्यांवर बारीक माती साचली होती आणि मरियमबाईंनी ती अजून पुसलेली नव्हती.

“देवीला सजवायला आलात?” त्यांनी विचारलं.

“न्हाई,” राहीबाई म्हणाल्या आणि त्यांना पट्टीची सगळी गोष्ट सांगितली. साक्षीची.

मरियमबाईंना आश्चर्य वाटलं नाही. “मागच्या आठवड्यात मी वर्ग अंगणात नेला होता. पालक भांडायला आले. म्हणाले, ख्रिस्तीण आमच्या पोरांना देवीपासून तोडते. हेडमास्तर म्हणाले, बाई, तपासणी होईपर्यंत कळ काढा.” त्या पश्चिमेच्या भिंतीकडं गेल्या आणि तिथल्या बस्करावर हात ठेवला. “माझी दया इथं बसते. देवीजवळ नको म्हणून सगळ्यांनी मिळून तिला या टोकाला बसवलं. नव्या इमारतीतही पोरगी लांबच, म्हणून मी पहिल्या दिवशी रडले. आता ती लांब आहे याचं बरं वाटतं, राहीबाई. आणि असं बरं वाटतं ना, त्याचीच मला लाज वाटते.”

बाहेर पेठेत कुणीतरी हसत होतं, कुणी पोराला हाका मारत होतं. वरून पुन्हा चिमूटभर माती पडली. दोघींनीही ती ऐकली.

“दिपोटीसाहेबांनी भिंत उघडी बघितली तर?” राहीबाईंनी विचारलं.

“शाळा बंद करतील. करायलाच हवी.”

“मग तुमी का न्हाई सांगत?”

“सांगितलं तर शाळा कुठं जाईल? मारुतीच्या देवळात. आणि दया पुन्हा दीपमाळेपाशी.” मरियमबाईंनी एक पाटी उचलली, माती झटकली. “दुसऱ्याची पोरं भिंतीखाली आहेत हे मला दिसतं. रोज प्रार्थनेत दिसतं. आणि सकाळी येऊन मी घंटा वाजवते.”

राहीबाई भिंतीपाशी गेल्या. चांदीचे डोळे चीर पडल्यामुळं एकमेकांपासून दूर गेले होते. देवी दोन वेगळ्या दिशांना बघत होती.

“ती देवी न्हाई, असं मला म्हनवत न्हाई, बाई,” त्या हळू म्हणाल्या. “भिमाजी म्हनू दे. येवढ्या बायांनी हात जोडलं, ती आली आसनार. पर गवराई येती तशी जाती बी ना? उत्तरपूजा करायची, अक्षता टाकायच्या आन् जागची हालवायची. हालवली की तिला राग न्हाई, आपल्याला पाप न्हाई. मी तिला माझ्या घरी न्हेते.”

मरियमबाई बघतच राहिल्या. “म्हणजे ही सगळी… काढणार?”

“शेंदूर, चुना, समदं. मागं काय हाय ते दिसंल.”

“आप्पासाहेब?”

“देवीला घरी न्ह्यायला पुजारनीला कोन आडीवतंय?”

“आणि पोरं?”

इथं मात्र राहीबाईंना वेळ लागला. त्यांच्या ओसरीत तुळस होती. त्या ओसरीवर आजवर सोवळ्या-ओवळ्याची रेघ त्यांनी डोळ्यांत तेल घालून सांभाळली होती. त्यांनी दयाच्या बस्कराकडं पाहिलं.

“माझ्या वसरीवर,” त्या म्हणाल्या. “वर नुसतं पाचट हाय. पडलं तरी कुनाला लागायचं न्हाई. कनगीमागची भेग पार मागल्या भिंतीला हाय. दोन ओळी बसतील. दया मधी बसंल, पुष्पीपाशी. कडंला न्हाई.”

“राहीबाई, तुमचा नेम…”

“माझा मी बघीन.”

“आसाराम काय म्हणेल?”

“त्यो रागवंल. मग जेवंल.”

मरियमबाईंना हसू आलं आणि हसतानाच डोळे भरले. “केव्हा?”

“उद्याच्याला. घंटा व्हायच्या आत. तवर तुमी पोरांना उंबऱ्याच्या आत घिऊ नका. कुनी का बोलंना.”

“नाही घेणार.”

“शबूद?”

“शब्द. आणि तुमचा?”

“माझा बी.”

मरियमबाईंनी डोळे मिटले, ओठ हलवले. दुसऱ्याच्या देवपूजेत मध्ये बोलू नये, म्हणून राहीबाई त्यांचं होईपर्यंत थांबल्या.

सकाळी तुळशीला पाणी घातलं, गाईला घास दिला. मग राहीबाईंनी ओसरी सारवली आणि सारवण वाळल्यावर घरातली सगळी पोती काढून दोन ओळींत अंथरली. तुळशीजवळची जागाही सोडली नाही. ताटात अक्षता, फूल, वाटीत दही घेतलं. चुलीशेजारचं लोखंडी उलथणं घासून पुसून ताटात ठेवलं आणि वर पदराचं टोक टाकलं.

आसाराम कडुनिंबाची काडी चावत दारात उभा होता. त्यानं पोत्यांकडं पाहिलं, ताटाकडं पाहिलं. 

“आई, आज कापडवाला येनार हाय,” तो म्हणाला.

“येऊ दे. चहा ठिवला हाय.”

त्यानं काडी थुंकली. वाट अडवल्यासारखा तो उंबऱ्यात जरा वेळ उभा राहिला आणि मग बाजूला झाला. आत जाऊन त्यानं कनगी सरकवल्याचा आवाज आला. नेहमी भिंतीकडं ढकलत असे, आज भिंतीपासून ओढत होता.

पुष्पी पाटी घेऊन धावत आली. “आजी, मी येऊ तुज्यासंगं?”

“तू हितंच बस. दयासाठी शेजारी जागा धर.”

पेठेच्या वाटेवर लंकाबाई दारात सडा टाकत होत्या. “एवढ्या सकाळी ताट घिऊन? साहेबाला ववाळनार हायसा का काय?”

“पावनी आनायला चाललीया.”

“कोन पावनी?”

राहीबाईंनी पाऊल उचललं. पुढं शाळेच्या उंबऱ्यावर मरियमबाई दोन्ही हात चौकटीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांच्यासमोर अंगणात पोरं दाटली होती. पोरांच्या मागं एक-दोन बायाही चढ्या आवाजात बोलत होत्या. पेठेतल्या घरांच्या दारांत एकामागून एक माणसं येऊन उभी राहू लागली. राहीबाईंनी पदर नीट केला आणि वाटीतलं दही हिंदकळू नये म्हणून ताट दोन्ही हातांत सरळ धरून त्या हळूहळू चालत राहिल्या.